अजून छप्पर व्हायचंय

सरलाबाईंची आयुष्यात एकच हौस राहून गेली होती, आणि ती सांगितली की लोक हसत. त्यांना दिवाळीचा किल्ला करायचा होता. मिरजेच्या घरी किल्ला दरवर्षी व्हायचा, पण तो थोरल्या श्रीरामचा आणि त्याच्या टोळक्याचा. सरलाने माती चाळायची, पाण्याच्या बादल्या आणायच्या, अळीव भिजत घालायचे, आणि बुरूज लिंपायची वेळ आली की "तू जा, रांगोळी काढ" हे ऐकून घ्यायचं. लग्नानंतर गच्चीतला किल्ला नवऱ्याने आणि मुलाने केला. मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर इतिहास शिकवला, फळ्यावर तटबंद्या आणि चोरवाटा काढून दाखवल्या, पण हाताला चिखल म्हणून लागला नाही.

नवरा गेल्यावर, दोन हजार दोन साली, शैलेंद्र आईला अमेरिकेत, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला घेऊन आला. तो एका तेल कंपनीत इंजिनिअर, सून उत्तरा हॉस्पिटलात, नात नेत्रा शाळेत. सकाळी गॅरेजचं दार कुरकुरत वर जायचं, दोन गाड्या बाहेर पडायच्या आणि मग संध्याकाळपर्यंत घरात सरलाबाई आणि एसीची घरघर. गाडी चालवता येत नाही म्हणजे त्या गावात माणूस पांगळाच. पायी निघावं तर हवा अशी दमट की चष्म्यावर वाफ धरायची. मुलगा चांगला, सून त्याहून चांगली. तक्रारीला कुठे जागाच नव्हती, आणि खरं सांगायचं तर तेच जड जात होतं.

दुसऱ्या वर्षी दिवाळी आली तशी त्यांनी मनाशी ठरवलं. आता इथे कोण श्रीराम येतोय अडवायला! मागच्या अंगणात कुंपणालगत त्यांनी खणायला सुरुवात केली.

"आई, तिथे नको ना! खाली स्प्रिंकलरचे पाइप आहेत," शैलेंद्र म्हणाला.

"मग पाइप सोडून खणते," सरलाबाई म्हणाल्या, आणि खणत राहिल्या.

लाल मुंग्यांनी घोटे फोडून काढले, पण माती अव्वल निघाली, काळी आणि चिकट, थापली की धरून बसणारी. दोन दिवसांत टेकडी उभी राहिली, वर बालेकिल्ला, खाली तट, तटाला दरवाजा. सरलाबाई मागे सरून बघत होत्या, एवढ्यात कुंपणाच्या फळ्यांवरून एक पांढरं, बारीक कापलेल्या केसांचं डोकं वर आलं. शेजारीण. वर्षभरात 'हाय' पलीकडे बोलणं झालं नव्हतं. आता ही चिखलाबद्दल कटकट करणार, असं सरलाबाई धरूनच चालल्या.

"समुद्र कुठाय?" शेजारणीने विचारलं.

"कसला समुद्र?"

"टेकडी आहे, टेकडीवर किल्ला आहे, खाली तटाच्या आत गाव आहे. हे माझं टॅलिन आहे. आणि टॅलिनला समुद्र असतो."

सरलाबाईंनी शाळेतल्या खणखणीत इंग्रजीत सांगितलं, की हा सह्याद्रीतला किल्ला आहे आणि त्याला समुद्र नाही. शेजारणीने ते ऐकून घेतलं, खाली उतरली आणि थोड्या वेळाने पुढच्या दाराने एक निळं प्लॅस्टिकचं टेबलक्लॉथ घेऊन हजर झाली. टेकडीच्या उत्तरेला ते पसरलं, कडांना खडे ठेवले, मग हात धुवायला नळ कुठाय म्हणून विचारलं. तिचं नाव हेल्मी.

त्या संध्याकाळी सरलाबाईंनी नेत्राचा नकाशांचा जाडजूड ग्रंथ मागून घेतला. जन्मभर इतिहास शिकवला आणि शेजारणीच्या शहराचं नाव आपल्याला ठाऊक नव्हतं, हे त्यांना फार लागलं होतं. टॅलिन सापडलं पार वर, युरोपच्या उत्तर टोकाशी, फिनलंडच्या समोर समुद्राच्या अलीकडच्या काठावर. एस्टोनिया नावाच्या चिमुकल्या देशाची राजधानी. त्या शिकवत होत्या तेव्हा तो सगळा भाग रशियाच्या एकाच रंगात बुडालेला असायचा, म्हणून नजर तिथे कधी थांबलीच नव्हती.

मग दरवर्षी दिवाळीच्या आधी तो किल्ला होऊ लागला, आणि दरवर्षी त्यात मिरज कमी आणि टॅलिन जास्त होत गेलं. शैलेंद्रने कुंपणाच्या दोन फळ्या सैल करून दिल्या, त्यातून हेल्मी ये-जा करायची. इंग्रजीत अहो-जाहो नसतं, तेव्हा सरलाबाई मनातल्या मनात कुणाला काय म्हणत हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. पण पहिल्या वर्षी शेजारीण 'अहो' होती आणि तिसऱ्या दिवाळीपर्यंत 'अगं हेल्मी' झाली होती, हे त्यांच्या आवाजावरून घरातल्यांनी ओळखलं होतं.

हेल्मी माती थापता थापता शहर सांगायची. टेकडीवर उमराव राहायचे आणि खाली व्यापारी, आणि दोघांचं इतकं वाकडं, की मधल्या रस्त्याचा दरवाजा रात्री बंद करून घ्यायचे. टेकडीवर जायला दोन वाटा, एकीचं नाव लांब पाय, दुसरीचं आखूड पाय. "म्हणून आमचं शहर जरा लंगडतं," ती म्हणायची. एका बुरुजाचं नाव लठ्ठ मार्गारेट. दुसरा इतका उंच, की पहारेकरी वरून गावातल्या बायकांच्या स्वयंपाकघरात डोकावायचे, म्हणून त्याचं नावच पडलं 'डोकाव स्वयंपाकघरात'. सरलाबाईंना त्या बुरुजाचं भारी कौतुक. त्यांनी त्याला आपल्या नणंदेचं, पद्मिनीचं, नाव दिलं.

नगरपालिकेच्या मनोऱ्यावर वाऱ्याची दिशा दाखवणारा एक पत्र्याचा शिपाई असतो, म्हातारा थॉमस. त्याच्या जागी त्यांनी भारतातून कुणाच्या तरी सामानातून आलेला एक मातीचा मावळा बसवला. राहता राहिला प्रश्न सिंहासनाचा. महाराज कुठे बसवायचे? सरलाबाई जरा चाचरत होत्या. दुसऱ्याच्या गावात आपला राजा कसा बसवावा?

"वर टेकडीवरच बसव," हेल्मी म्हणाली. "तिथे डेन बसले, जर्मन बसले, स्वीड बसले, रशियन तर उठायलाच तयार नव्हते. तुझ्या राजाने आमचं काही वाकडं केलेलं नाही. बसू दे."

एकदा तिने त्या टेकडीचीच गोष्ट सांगितली. फार पूर्वी एका विधवेनं नवऱ्याच्या थडग्यावर ओटीतून दगड वाहून आणले, एकावर एक रचत गेली, त्याची ती टेकडी झाली. शेवटचा मोठा दगड वाटेत निसटला. त्यावर बसून ती रडली, त्याचं गावाबाहेर तळं झालं. दोघींचे नवरे गेलेले होते. सरलाबाईंनी पदराने हेल्मीच्या गालावरचा चिखल पुसला.

त्या तळ्याची आणखी एक गोष्ट होती, आणि ती हेल्मीची सगळ्यांत लाडकी. तळ्यात एक म्हातारा राहतो. दर शरद ऋतूत, अंधाऱ्या रात्री, तो वेशीवर येऊन पहारेकऱ्याला विचारतो, "काय रे, शहर बांधून झालं का?" पहारेकऱ्याने म्हणायचं, "छे, अजून पुष्कळ व्हायचंय." चुकून जरी कुणी 'झालं' म्हणालं, तर म्हातारा सगळं तळं शहरावर सोडून देणार. म्हणून टॅलिनमध्ये सदान्‌कदा कुठेतरी परांची लागलेली असते. सरलाबाईंना ही गोष्ट एकदम घरची वाटली. त्यांच्याकडेही डब्यातले तांदूळ संपले असं कुणी म्हणत नसे, आणि निघताना 'जाते' म्हणायची सोय नव्हती, 'येते' म्हणायचं. त्यांनी हेल्मीला तो एक शब्द शिकवला. मग ती रोज कुंपणाच्या फटीतून जाताना मान वळवून म्हणायची, "येते."

गंमत अशी, की ही गोष्ट सांगणारी बाई स्वतः मात्र काही म्हणून अर्धवट ठेवत नसे. कॉफीचा कप निवायच्या आत धुऊन पालथा. लोकरीचा मोजा विणायला घेतला की उरकूनच उठणार. लॉनचं गवत वाढायचा विचार करतंय तोवर कापलेलं. "हिच्या घरात धूळ बसायलाही अपॉइंटमेंट घेत असेल," असं उत्तरा म्हणायची. आणि अशा हेल्मीने किल्ल्यातल्या गावात, लठ्ठ मार्गारेटच्या जवळ, एक घर दरवर्षी स्वतःच्या हाताने केलं आणि दरवर्षी त्याचं छप्पर अर्धं उघडं ठेवलं. बाकी सगळ्या घरांना फुटक्या कुंडीच्या लाल खापऱ्या, या एकालाच नाहीत. सरलाबाईंनी विचारलं नाही. वय झालंय बिचारीचं, राहून जात असेल, असं त्यांनी समजून घेतलं.

दोन हजार सात साली हेल्मी ऐंशी ओलांडून गेली होती. उन्हाळ्यात तिच्या हृदयाचं दुखणं डोकं वर काढू लागलं. डॉक्टरांनी औषधं दिली आणि सांगितलं, की कुठे लांब जायचं मनात असेल तर या वर्षभरात जाऊन या, पुढचं सांगता येत नाही.

"मग टॅलिनला जाऊन ये ना गं," सरलाबाई म्हणाल्या.

"कुठेच जायचं नाहीये मला," हेल्मी म्हणाली, आणि विषय मिटवला.

आजवर ती एकदाही परत गेली नव्हती. अठरा वर्षांची असताना निघाली ती निघालीच. देश स्वतंत्र झाला तेव्हा गेली नाही. युरोपच्या संघात गेला तेव्हा तिने मोठा केक करून सगळ्या गल्लीत वाटला, पण गेली नाही. ह्यूस्टनच्या एस्टोनियन मंडळातली माणसं दर उन्हाळ्यात जायची, हिला चल म्हणायची. आपल्या महाराष्ट्र मंडळासारखंच त्यांचं मंडळ, भांडून दोन झालेलं, पण हेल्मीला न्यायला दोन्हीकडचे तयार होते. ही हलायची नाही. सरलाबाईंना आता रोज तेच टोचू लागलं. या बाईचं आयुष्य उतरणीला लागलंय, हिच्या मनात सदैव तेच गाव आहे, आणि ही तिथे पाय का ठेवत नाही?

त्या दिवाळीला हेल्मीला वाकवत नव्हतं. ती खुर्चीत बसून सांगायची आणि सरलाबाई करायच्या. नरकचतुर्दशीच्या पहाटे किल्ला तयार हवा, हा मिरजेचा नियम. आदल्या संध्याकाळी हेल्मी घरी गेल्यावर सरलाबाईंनी शेवटचा हात फिरवला. ते उघडं घर दिसलं. यंदा तर तिला वाकताही आलं नाही, आपणच करून टाकावं, बरं वाटेल तिला, असं म्हणून त्यांनी दोन लाल खापऱ्या निवडल्या आणि छप्पर नीट बसवून टाकलं.

सकाळी फराळाला हेल्मी आली. पणत्या बघितल्या, अळिवाची हिरवळ बघितली, थॉमसच्या जागेवरचा मावळा बघितला. मग तिची नजर त्या घराकडे गेली. हातातली चकली तिने खुर्चीवर ठेवली, उठली आणि फळ्यांमधून निघून गेली. 'येते' म्हणाली नाही.

पाडवा झाला, भाऊबीज झाली, तरी फळ्या हलल्या नाहीत. फोन उचलेना. "आजी, जस्ट गो अँड टॉक टू हर," नेत्रा म्हणाली. शेवटी लाडवांची ताटली घेऊन सरलाबाई स्वतः कुंपण ओलांडून गेल्या. दार उघडंच होतं. हेल्मी स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती, समोर धुतलेला, पुसलेला, रिकामा कप.

"माझं काही चुकलं का गं?" सरलाबाईंनी उभ्या उभ्याच विचारलं.

हेल्मीने शेजारची खुर्ची ओढली आणि मग सांगितलं. चव्वेचाळीस साली, मार्च महिन्यात, रशियन विमानांनी टॅलिनवर बॉम्ब टाकले. नगरपालिकेचा मनोरा जळाला, म्हातारा थॉमस खाली आला, आणि हेल्मीच्या घराचं अर्धं छप्पर उडालं. वडील सुतार. उन्हाळाभर तुळया जमवून ते छप्पर करत होते. सप्टेंबरात रशियन फौज पुन्हा शहराच्या तोंडाशी आली, लोक मिळेल त्या मचव्याने स्वीडनला पळू लागले. हेल्मीला आणि आईला त्यांनी एका कोळ्याच्या बोटीत बसवलं. स्वतः चढले नाहीत.

"मी ओरडले, बाबा, चला. तर म्हणाले, अजून छप्पर व्हायचंय." हेल्मी टेबलाकडे बघत बोलत होती. "आई आणि मी समुद्रात, आणि याला छप्पर पडलंय. मी रागाने तोंड फिरवलं. हात केला नाही त्यांना. परत कधी बघितलं नाही."

"पुढे?"

"पुढे काय? देश मोकळा झाल्यावर चुलतबहिणीचा फोन आला, तेव्हा कळलं. रशियनांनी घरात तीन-चार कुटुंबं आणून घातली होती. बाबा मागच्या खोलीत राहिले, मरेपर्यंत. आणि ते छप्पर, सरला, ते त्यांनी कधी पुरं केलंच नाही! गावातल्या सगळ्यांची छपरं केली. स्वतःच्या घराच्या कोपऱ्यावर ताडपत्री. बहीण विचारायची, काका, कधी करणार? तर म्हणायचे, करायचंय अजून. ज्याच्यासाठी आम्हाला सोडलं तेही धड केलं नाही. तिथे जाऊन मी काय बघू?"

सरलाबाईंनी खिडकीकडे बघितलं. वर्गात पोरींना प्रश्न घालून त्या अशाच खिडकीबाहेर बघत थांबत. खिडकीतून कुंपण दिसत होतं, सैल फळ्यांच्या फटीतून टेकडीचा शेंडा आणि त्यावर बसलेले महाराज. मग त्यांना एकाएकी दिसलं, आणि अगदी लख्ख दिसलं.

"हेल्मी, तळ्यातल्या म्हाताऱ्याची गोष्ट तुला कुणी सांगितली?"

"बाबांनीच. रोज रात्री."

"वेडे, मग तुला कळलं कसं नाही? सुतार माणूस. त्याला एक कोपरा शाकारायला किती दिवस लागतात? त्याने तो मुद्दाम ठेवला. पोरगी समुद्रावर गेली, परत येईपर्यंत घर उभं राहायला हवं, गाव उभं राहायला हवं. 'झालं' म्हटलं की सगळं पाण्याखाली. म्हणून त्याने तुला बोटीतही तेच सांगितलं आणि मरेपर्यंत सगळ्यांना तेच सांगितलं, अजून व्हायचंय. छपरासाठी तुला नाही गं सोडलं. तुझ्यासाठी छप्पर सोडलं."

हेल्मीने दोन्ही हात चेहऱ्यावर घेतले आणि ती लहान मुलीसारखी हमसून हमसून रडली. सरलाबाईंनी तिचं डोकं पोटाशी धरलं आणि त्याही रडल्या. खरं काय होतं ते सांगायला तो सुतार आता नव्हता. पण इतकी वर्षं मनात धरलेल्या उत्तरापेक्षा हे उत्तर त्याला जास्त शोभत होतं, एवढं दोघींना पटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्या सरकल्या. हेल्मी काठी टेकत आली, कष्टाने वाकली, आणि त्या घरावरची एक खापरी काढून तिने खिशात टाकली. "जूनमध्ये जाईन," ती म्हणाली. "तेव्हा तिथे रात्री अकरापर्यंत उजेड असतो."

जून आला. मंडळातलं एक जोडपं तिच्याबरोबर जाणार होतं. डॉक्टरांनी हो म्हटलं होतं, पण मनापासून म्हटलं नव्हतं, हे उत्तराने आडून आडून सांगितलं. सरलाबाईंच्या मनात एकच घोळत होतं. जा म्हणून आपणच मागे लागलो, आणि ही तिकडेच राहिली तर? या गावात त्यांना दुसरं होतं कोण? पण त्यांनी हसऱ्या तोंडाने हेल्मीच्या हातावर दही दिलं, आणि हेल्मीनेही काही न विचारता ते चाटून टाकलं.

"झाडांना पाणी घाल," किल्ली देत ती म्हणाली. "बाकी कशाला हात लावू नकोस."

"तुझ्याकडे हात लावण्यासारखं असतं काय? सगळं आधीच चकचकीत!"

हेल्मी हसली. गाडीत बसली, काच खाली केली. काहीतरी म्हणणार असं वाटलं, पण गाडी निघाली. सरलाबाई फाटकाशी उभ्या राहिल्या. तिने 'येते' म्हटलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना घरात जाववेना.

तासाभराने त्या झारी घेऊन हेल्मीचं दार उघडून आत गेल्या आणि दारातच थबकल्या. क्षणभर त्यांना वाटलं, चोर शिरले. सिंकमध्ये न धुतलेली भांडी पडलेली. टेबलावर अर्धी प्यालेली कॉफी, वर साय धरलेली. खुर्चीवर अर्धाच विणलेला मोजा, सुया तशाच अडकवलेल्या. वर्तमानपत्रातलं कोडं अर्धं सोडवून पालथं टाकलेलं. इस्त्रीच्या टेबलावर ब्लाउज, एक बाही कडक आणि दुसरी चुरगळलेली. आणि खिडकीच्या कट्ट्यावर, ऊन येतं तिथे, ती लाल खापरी.

सरलाबाई एकट्याच मोठ्याने हसल्या, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला. झाडांना पाणी घातलं. सवयीने त्यांचा हात त्या कपाकडे गेला. एवढा एक विसळून ठेवू, मुंग्या लागतील, असं मनात आलंच. मग त्यांनी हात मागे घेतला, कप होता तिथेच राहू दिला, आणि दार ओढून घेताना आतल्या रिकाम्या घराला म्हणाल्या, "येते गं."